केळीचा मर रोग आणि तापीकाठचा बागायतदार

तापी नदी बऱ्हाणपुराकडून खानदेशात उतरते. रावेर, यावल, चोपडा व शिरपूर या तालुक्यांना पाणी व गाळ देत ती पश्चिमेस जाते आणि नंदुरबार जिल्हा ओलांडून सुरतेजवळ समुद्रास मिळते. या नदीच्या वरच्या अंगाला बऱ्हाणपूर जिल्ह्यात आणि खालच्या अंगाला सुरत जिल्ह्यात केळीच्या अत्यंत घातक अशा एका रोगाची नोंद झालेली आहे. नकाशा समोर ठेवून पाहिले म्हणजे ध्यानात येते, की या दोन टोकांच्या मधला सारा केळीचा पट्टा आपला आहे. या रोगास पनामा मर असे म्हणतात, व त्याचा जो प्रकार आज जगभर पसरत आहे त्यास शास्त्रज्ञ उष्णकटिबंधीय वंश ४, किंवा थोडक्यात टीआर-४, या नावाने ओळखतात.

आपल्या देशात हा प्रकार प्रथम बिहारमधील कटिहार व पूर्णिया या जिल्ह्यांत आढळला आणि २०१९ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. उत्तर प्रदेशात अयोध्येच्या आसपासच्या बागांतही तो दिसून आला. बिहार फार दूर आहे, असे त्या वेळी आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. बऱ्हाणपूर मात्र दूर नाही. रावेरहून निघालेली गाडी तासाच्या आत तेथे पोचते. दोन्हीकडचे बागायतदार एकमेकांचे सोयरे आहेत, व्यापारी तेच आहेत, घड कापणाऱ्या मजुरांच्या टोळ्याही इकडून तिकडे जातात. राज्याची सीमा कागदावर आहे. मातीला ती ठाऊक नाही.

बागायतदारांच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यावर औषध कोणते?” प्रश्न स्वाभाविक आहे. करपा आला की आपण फवारणी करतो आणि करपा आटोक्यात येतो. परंतु मर रोगाच्या बाबतीत हा प्रश्नच आपल्याला चुकीच्या वाटेने नेतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या झाडात ही बुरशी शिरली, ते झाड बरे करणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून औषध कोणते हे विचारण्यापूर्वी, माझ्या बागेत बाहेरची माती कोणकोणत्या वाटांनी येते, हे बागायतदाराने स्वतःस विचारावे.

या रोगाचे कारण फ्युजेरियम नावाची बुरशी होय. ती जमिनीत राहते, केळीच्या बारीक मुळांतून आत शिरते आणि ज्या नलिकांतून पाणी वर चढते त्या नलिका बंद करून टाकते. जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. झाड मेल्यावर बुरशी मरत नाही. ती जाड कवचाची बीजे धरून मातीत पडून राहते व २० ते ३० वर्षेपर्यंत जिवंत राहू शकते, असा अनुभव आहे. याचा अर्थ असा, की बापाच्या हयातीत दूषित झालेली जमीन मुलाच्या हाती येते तेव्हाही ती केळीस धोक्याचीच असते. करपा पानावर येतो आणि हंगामाबरोबर जातो. मर मात्र जमिनीच्या उताऱ्यावर न लिहिलेला बोजा होऊन बसतो.

जगाने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतून युरोप व अमेरिकेस जी केळी जात, ती ग्रो मिशेल नावाच्या एकाच जातीची असत. हजारो हेक्टरांवर हीच एक जात लावलेली होती. पनामा मर रोगाच्या जुन्या वंशाने ते मळे एकामागून एक ओसाड केले. बागायत कंपन्या जुनी जमीन सोडून जंगल तोडून नवी जमीन धरीत, आणि काही वर्षांत रोग तेथेही पोचे. कारण लावणीचे कंद त्याच जुन्या मळ्यांतून येत असत. १९६० च्या दशकापर्यंत ग्रो मिशेलचा व्यापार संपुष्टात आला आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटातील केळींनी घेतली. या गटास जुन्या वंशाची फारशी बाधा होत नव्हती, म्हणून जगाने सुटकेचा निःश्वास टाकला.

आपली बसराई ही याच कॅव्हेंडिश गटातील बुटकी जात होय. पुढे आलेली श्रीमंती व आज सर्वत्र लावली जाणारी ग्रँड नैन यादेखील त्याच कुळातील. म्हणजे जग ज्या केळीकडे नाइलाजाने वळले, ती केळी आपल्या बागांत आधीपासूनच होती. आज जगाच्या केळी उत्पादनात जवळजवळ निम्मा व परदेशी व्यापारात बहुतेक सारा वाटा या एकाच गटाचा आहे. टीआर-४ या वंशाचे वैशिष्ट्य असे, की तो नेमका या गटासच मारतो. तैवानात १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हेंडिश केळी मरू लागली, तेव्हा या नव्या संकटाची चाहूल लागली. नंतर इंडोनेशिया व मलेशिया, १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, २०१३ मध्ये आफ्रिकेतील मोझांबिक, असा त्याचा प्रवास झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो दक्षिण अमेरिकेत कोलंबियात सापडला आणि तेथील सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. २०२१ मध्ये पेरू व २०२३ मध्ये व्हेनेझुएला या देशांतही त्याची नोंद झाली.

परदेशातील बातम्या आपल्याकडे बहुधा निर्यातीच्या दृष्टीने वाचल्या जातात. तिकडे केळी मेली तर आपल्याला भाव मिळेल, असे बोलणारेही मी ऐकले आहेत. हा हिशेब फसवा आहे. जगातील सुमारे चौथा हिस्सा केळी भारतात पिकते आणि ती जवळजवळ सर्व येथेच खाल्ली जाते. लहान मुलाच्या हातात पडणारे पहिले फळ, उपवासाचा आधार आणि मजुराची दुपारची न्याहारी म्हणजे केळी. जळगाव जिल्ह्यात ४० ते ५० हजार हेक्टर क्षेत्र या एका पिकाखाली असते. बागेवर केवळ मालक जगत नाही. घड कापणारे, वाहणारे, मालमोटारी भरणारे, रोपे वाढविणारे, ठिबकच्या नळ्या जोडणारे, अशी हजारो कुटुंबे एका झाडाच्या आधाराने उभी आहेत, आणि ते झाड अक्षरशः एकच आहे.

हे ‘एकच’ म्हणणे अलंकारिक नाही. आपल्या केळीत बी नसते. कंदापासून मुनवा, मुनव्यापासून पुन्हा कंद, किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून रोप, अशीच तिची वाढ होते. त्यामुळे रावेरच्या बागेतील ग्रँड नैन आणि शिरपूरच्या बागेतील ग्रँड नैन ही बहीण-भावंडेही नव्हेत; ते एकाच देहाचे तुकडे होत. एका झाडास जो रोग मारतो, तो सर्वांस मारू शकतो. ज्वारीच्या शेतात काही ताटे काणीस बळी पडतात व काही तग धरतात. केळीच्या बागेत तग धरणारे वेगळे झाड नसतेच. सिंहलद्वीपात १८६९ पासून तांबेऱ्याने कॉफीचे मळे नष्ट केले आणि ते बेट पुढे चहाचे झाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मळेवाल्या कंपन्यांस पीक बदलणे परवडले. पाच एकरांच्या आपल्या बागायतदाराने कर्ज काढून जलवाहिनी टाकलेली असते, ठिबक बसविलेले असते, विहिरीत आडवी बोअरे घेतलेली असतात; त्यास असे एका हंगामात दुसऱ्या पिकाकडे वळता येत नाही.

रोग कोणत्या गावात आला आणि कोणत्या गावात नाही, याची चर्चा पारावर बसून करण्यात फारसा लाभ नाही. प्रत्येकाने आपल्या बांधापासून आरंभ करावा. मातीच्या वाटा पाहू लागले, की प्रथम कंद दिसतो. आपल्याकडे चांगल्या बागेतील कंद नात्यागोत्यात देण्याची चाल जुनी आहे. कंद निवडताना आपले जुने बागायतदार तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा मुनवा पाहतात, वजन पाहतात, कीड पाहतात. ही पारख खरोखर उत्तम आहे. पण मर रोगाची बुरशी कंदाच्या पोटात असली तरी कंद वरून निरोगी दिसू शकतो. तो बुरशीनाशकात बुडविल्याने वरची बुरशी मरेल. आतली मरणार नाही. म्हणून जिल्ह्याबाहेरून, आणि विशेषतः रोगाची नोंद झालेल्या भागातून, कंद अगर मुनवे आणणे आपण पूर्णपणे थांबविले पाहिजे. मग ते मामाच्या बागेतील असोत किंवा व्याह्यांनी प्रेमाने पाठविलेले असोत. अशा प्रसंगी नकार देणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे. जुन्या काळी केंद्र शासनाने कायद्याने केळीच्या लावणी-साहित्याची राज्याराज्यांतील ने-आण रोखली होती. केरळ, तामिळनाडू इत्यादी राज्यांतून पर्णगुच्छ रोगासाठी, तर महाराष्ट्र व गुजरातमधून केवडा रोगासाठी. म्हणजे एके काळी आपल्याच कंदांकडे इतर राज्ये संशयाने पाहात होती. त्या बंदीत कोणाचा अपमान नव्हता, आणि आज आपण इतरांचे कंद नाकारण्यातही नाही.

ऊतिसंवर्धित रोपे या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित आहेत. ती प्रयोगशाळेत वाढतात, त्यांस मातीचा स्पर्श नसतो. तथापि येथेही सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतून निघालेले कोवळे रोप पिशवीत भरून सावलीगृहात वाढविले जाते, आणि त्या पिशवीतील माती कोठून आली हे फार थोडे लोक विचारतात. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था २००६ साली सुरू केली आहे. रोपे घेताना प्रमाणपत्र पाहावे, आणि त्याबरोबर रोपवाटिकेत जाऊन पिशव्या भरण्याची जागाही पाहावी. आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ऊतिसंवर्धित रोप रोगमुक्त असते, रोगप्रतिबंधक नसते. दूषित जमिनीत लावलेले असे कोवळे रोप कधी कधी कंदाच्या झाडापेक्षाही लवकर बळी पडते.

कंदाच्या खालोखाल माणसाचे पाय आणि अवजारे येतात. आपल्याकडे घड कापण्याचे काम बहुधा व्यापाऱ्याची टोळी करते. सकाळी एका गावची बाग, दुपारी दुसऱ्या गावची, हा त्यांचा नित्यक्रम. विळे तेच, पायताणे तीच, आणि पावसाळ्यात मालमोटारीच्या चाकांस चिकटलेला चिखलही तोच. यात मजुरांचा दोष नाही. त्यांस कोणी काही सांगितलेलेच नाही. बागेच्या तोंडाशी पाण्याचे पिंप, घासण्याचा ब्रश आणि जंतुनाशकाची टोपली ठेवली, तर या वाटेचा मोठा भाग बंद होतो. यात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम माती घासून धुवावी, मग पाय व विळा जंतुनाशकात बुडवावा. चिखलाने माखलेले पायताण नुसते औषधात बुडविल्याने काही साधत नाही, कारण चिखलाच्या आत बुरशी सुरक्षित राहते. मालमोटार बागेत न नेता रस्त्यावर उभी करावी व घड आपल्या मजुरांकडून तेथवर आणवावे. याने मजुरी वाढते हे खरे. ज्यांस शक्य आहे त्यांनी तरी आरंभ करावा. भाड्याने नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यास फाळ व चाके धुऊन येण्यास सांगणे मात्र कोणासही परवडणारे आहे.

पाण्याची वाट आपल्या हातात थोडीच आहे. तापीस पूर आला, अगर सातपुड्यातून येणारे नाले भरून वाहू लागले, म्हणजे वरची माती खाली येणारच. एवढे मात्र समाधान मानण्यासारखे आहे, की खानदेशातील बहुतेक केळी आज ठिबकवर आहे. पाटाने पाणी देण्याच्या दिवसांत एका शेतातील गाळ बारे फुटून दुसऱ्या शेतात सहज जात असे. ठिबकमुळे ते पुष्कळ थांबले. कापलेली खोडे नाल्यात किंवा कालव्यात ढकलून देण्याची खोड मात्र अजून गेलेली नाही, आणि ती गेली पाहिजे.

एक वाट अशी आहे, की तिच्याविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो. सत्यनारायणाच्या पूजेस व लग्नाच्या मांडवास केळीचे खांब लागतात. तुळशीच्या लग्नानंतर गावोगाव ट्रॉल्या भरून खांब जातात, कित्येकदा कंदासह उपटून, मुळांची माती तशीच ठेवून. कार्य उरकल्यावर ते उकिरड्यावर पडतात, उकिरड्याचे खत शेतात जाते. शुभकार्यात कोणी विघ्न आणू नये. पण खांब आपल्याच गावच्या बागेतील असावा, तो जमिनीपासून वर कापलेला असावा, आणि त्यास माती लागलेली नसावी, एवढे म्हणण्यास कोणत्याही पुरोहिताची हरकत असेल असे वाटत नाही.

आता रोगाची ओळख. येथे गावपातळीवरील कार्यकर्त्याने विशेष लक्ष द्यावे, कारण केळीचे पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येक पिवळ्या पानास मर म्हटले तर गावात उगाच घबराट होईल. डिसेंबर-जानेवारीत थंडीचा कडाका वाढला की चरका बसतो. त्यात सबंध बाग सारखी मलूल दिसते. करप्यात पानावर लांबट ठिपके पडून ते वाळत जातात. हरण्यात कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे उमटतात आणि पोंगा सडू शकतो. मर रोगाची चाल निराळी आहे. तो बहुधा एका-दोन झाडांपासून सुरू होतो. प्रथम खालची, जुनी पाने कडेने पिवळी पडतात, देठाजवळ मोडतात आणि खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबू लागतात, तर वरचे कोवळे पान काही काळ ताठ उभे असते. पुष्कळदा खोड बुंध्याशी उभे तडकते. खात्री करावयाची असल्यास खोड आडवे कापून पाहावे. निरोगी खोड आत पांढरे असते. रोगट खोडात तांबूस-तपकिरी ठिपक्यांची वर्तुळे दिसतात, आणि उभे कापल्यास त्याच रंगाचे धागे. अशा झाडाची केळी खाण्यास मात्र अपायकारक नसते, हेही लोकांस आवर्जून सांगावे.

असे झाड आढळले की आपला बागायतदार काय करतो? तो एक मुनवा उपटतो, मातीसकट पिशवीत घालतो आणि मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या फळीवर नेऊन ठेवतो. त्या फळीवर दिवसभरात पन्नास बागायतदार हात टेकतात. याहून चांगली रोगप्रसाराची व्यवस्था शत्रूनेही योजली नसती! रोगट झाड माणसाकडे नेऊ नये. माणसास झाडाकडे बोलवावे. दूरध्वनीवर छायाचित्र पाठवावे. कृषी सहायकाने अगर कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाने बागेत येऊन खोडातील रंगलेल्या धाग्यांचा तुकडा कोरड्या कागदात गुंडाळून घ्यावा. वंश कोणता हे डोळ्यांनी ठरत नाही. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रासारख्या संस्थेत त्याची तपासणी व्हावी लागते. तोपर्यंत त्या जागेस दोरी बांधून जाणे-येणे बंद करावे आणि तेथील ठिबकची नळी बंद करावी. झाड ओढत ओढत बागेबाहेर नेऊ नये. जागेवरच नष्ट करावे.

येथे मी मुख्य मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेले सर्व उपाय एका गोष्टीवर अवलंबून आहेत, ती म्हणजे बागायतदाराने रोग कळविला पाहिजे. आणि आजच्या परिस्थितीत त्याने तो का कळवावा, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारण्याची वेळ आली आहे. बागेत मर आहे असे बाहेर समजले, की व्यापारी पाठ फिरवील, भाव पाडून मागेल. शेजारी बोट दाखवतील. सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहेच. त्यापेक्षा दोन झाडे रात्री उपटून नाल्यात टाकावी आणि गप्प बसावे, असे त्यास वाटले तर त्यास दोष देण्यापूर्वी आपण विचार करावा. आपली फळपीक विमा योजना हवामानावर आधारलेली आहे. थंडी, उष्णता, वेगाचा वारा व गारपीट यांची भरपाई तीत मिळते, रोगाची मिळत नाही. म्हणजे वाऱ्याने बाग पडली तर शासन व विमा त्याच्या मागे उभे राहतात. पण शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी त्याने स्वतःच्या हाताने झाडे मारली तर तो एकटा पडतो. ही व्यवस्था उलटी आहे.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल व मुक्ताईनगर या भागांत हरण्याचा मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हा हेच दिसून आले. बागायतदारांनी हजारो रोपे उपटून फेकली. ज्यांनी पहिल्या पंधरवड्यात रोगट रोपे काढली त्यांची बाग पुष्कळशी वाचली. ज्यांनी सुधारेल म्हणून वाट पाहिली त्यांना पुढे सबंध शेत मोडावे लागले. माव्यामार्फत पसरणारा तो रोग जमिनीत राहत नाही, म्हणून पुढच्या हंगामात त्याच शेतात पुन्हा केळी लावता आली. मर रोगात अशी दुसरी संधी नाही.

हिशेब करून पाहू. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. एक झाड रोगट निघाले आणि त्याच्या भोवतीच्या दोन रांगांसह सर्व झाडे नष्ट केली, तर एकूण २५ झाडे जातात. हे हेक्टरी अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक नुकसान झाले. या २५ झाडांची किंमत बागायतदारास ताबडतोब, चौकशीच्या फेऱ्या न घालता, हातात मिळाली, आणि ती जागा पुढे पडीक ठेवल्याबद्दल काही वार्षिक मोबदला मिळाला, तर रोग लपविण्याचे त्यास कारण उरणार नाही. ऑस्ट्रेलियात टुली या खोऱ्यात २०१५ साली एका मळ्यात हा रोग सापडला, तेव्हा पुढील वर्षी केळी उत्पादकांच्या संघटनेने शासनाच्या साह्याने तो मळाच विकत घेतला, झाडे नष्ट केली व जमीन बंद करून टाकली. रोग तेथून अजिबात हटला असे नाही, पण तो फार सावकाश सरकला आणि त्या खोऱ्यातील केळीचा धंदा आजही उभा आहे. आपल्याकडे मळे विकत घेण्याची गरज पडणार नाही. २५ झाडांचे पैसे वेळेवर देण्याची पडेल. बाजार समित्या, फळबागायतदारांचे संघ आणि शासन यांनी मिळून असा निधी उभारावा. प्रत्येक क्विंटलमागे अल्पशी रक्कम कापली तरी जळगाव जिल्ह्यात तो पाहता पाहता उभा राहील. भाव पडलेले असताना कपात कोण सोसेल, असा आक्षेप येईल, आणि तो अगदी खोटा नाही. तरीही बागायतदारांच्या बैठकांत हा विषय घेतला जावा अशी माझी विनंती आहे.

नव्या औषधांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. लखनौ येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी ट्रायकोडर्मा बुरशीवर आधारलेले ‘फ्युजिकॉन्ट’ नावाचे जैविक औषध तयार केले असून बिहार व उत्तर प्रदेशातील रोगग्रस्त भागांत त्याचा वापर झाला आहे. लावणीपासून नियमित दिल्यास रोगाचा जोर कमी ठेवण्यास त्याचे साह्य होते. पण बाटली घरात आली म्हणजे बांधावरचे पिंप काढून टाकावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. तैवानच्या संशोधकांनी ऊतिसंवर्धनातून निवडलेले काही सहनशील वाण पुष्कळ वर्षे लावणीत आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये एका जनुकबदल केलेल्या प्रतिकारक कॅव्हेंडिश केळीस मान्यता दिली. असे वाण आपल्या थंडीत, आपल्या उन्हात व आपल्या बाजारात कसे उतरतात, हे पाहण्यास वर्षे लागतील. जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडे आपण सर्वांनी या अपेक्षेने पाहावे, आणि चाचणीसाठी जमीन मागितली तर ती द्यावी.

जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच जमिनीत दहा-दहा वर्षे केळीवर केळी घेण्याची सवय मात्र अभिमानाची नाही. पाणी आहे, ठिबक आहे, म्हणून लावा पुन्हा केळी; पिलबाग संपली की लगेच मृगबाग. मका, ज्वारी, गहू, हरभरा, कांदा यांपैकी काही पिके मध्ये घेतल्याने मर रोगाची बुरशी जमिनीतून नाहीशी होणार नाही, परंतु तिचे बळ वाढण्यास खीळ बसते, आणि सूत्रकृमींसारखे तिचे इतर साथीदारही कमी होतात. दोन वर्षे केळीविना राहण्याइतका धीर ज्याच्या घरात नाही, त्याने निदान शेताचे तीन भाग करून आळीपाळीने एक भाग मोकळा ठेवावा.

कांदेबागेची लावणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावच्या कृषी सहायकाने एक वही करावी. गावातील प्रत्येक बागेचा गट क्रमांक, लावणीची तारीख, कंद अगर रोपे कोठून आली, कोणत्या टोळीने मागील कापणी केली आणि कोणत्या ट्रॅक्टरने नांगरणी केली, एवढेच तीत लिहावे. हे काम दोन-तीन आठवड्यांचे आहे. एखाद्या बागेत खोड कापल्यावर तांबूस वर्तुळे दिसली, तर ती वही उघडून त्याच संध्याकाळी सांगता यावे, की आता आणखी कोणत्या बागांच्या बांधावर जाऊन पाहावयाचे आहे.